पासवर्ड बरोबर आहे, तरी कॉम्प्युटर आत घेत नाही

तर मंडळी, लॉगिन होत नाही म्हणून जे लोक घाबरून फोन करतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचा पासवर्ड विसरलेला नसतोच मुळी. आधी पासवर्डच्या चौकोनातलं ते डोळ्याचं चिन्ह दाबून ठेवा आणि आपण काय टाइप केलंय ते बघा. ज्यांनी मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड टाकलाय त्यांच्याकडे तर हमखास, के दाबला की क उमटतो, जे दाबला की चक्क र, आणि आपल्याला दिसतात फक्त काळे ठिपके. खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बदलता येते. पिनचे आकडे उमटत नसतील तर कीबोर्डवरचं नमलॉक (उजवीकडचे आकडे चालू-बंद करणारं बटण) चालू आहे का बघा, बस.

आता विंडोजमध्ये लोकांचा खरा घोळ होतो तो पिन आणि पासवर्डमध्ये. पिन फक्त त्या एका मशीनचा असतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड वेगळा, तो सगळीकडे चालतो. मुलगा पुण्याहून मोबाइलवर पासवर्ड बदलतो आणि इकडे आई पिनच्या चौकोनात तो नवा पासवर्ड टाकत बसते, कसा चालणार! 'साइन-इन ऑप्शन्स' दाबा, किल्लीचं चिन्ह निवडा, मग टाका. आणि हो, नेट बंद असेल तर कॉम्प्युटरला नवा पासवर्ड माहीतच नसतो, तिथे जुनाच चालतो, त्यामुळे आधी त्याच स्क्रीनवरून वायफाय जोडा.

मायक्रोसॉफ्टचं अकाउंट नाही, नुसतं लोकल, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरवरचं अकाउंट आहे, तर? विंडोज १० मध्ये २०१८ च्या अपडेटपासून लोकल अकाउंटला तीन सिक्युरिटी प्रश्न ठेवता येतात, एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की खाली रिसेटचा पर्याय येतो. प्रश्न ठेवलेलेच नसतील तर त्याच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून (सगळे अधिकार असलेल्या) पासवर्ड बदलता येतो, पण मग त्या युजरचे विंडोजमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड बहुधा जातात. म्हणून मी म्हणतो, एक जास्तीचं ॲडमिन अकाउंट आजच करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुकानदार लगेच म्हणतो, फॉरमॅट मारू. थांबवा त्याला! निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की मागत असेल तर ती ४८ आकडी असते आणि घरच्या मशीनची बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्येच पडलेली असते. मोबाइलवरून अकाउंट उघडा, स्क्रीनवरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा, मग टाइप करा. ती की नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी फोटो उघडत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही.

शेवटचा प्रकार, लॉगिन होतं पण डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर गायब, आणि घरात एकच ओरडा, फोटो उडाले! बहुतेकदा उडालेले नसतात. विंडोजला तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या डेस्कटॉप-सेटिंगचा संच, लोड करता आलेलं नसतं, म्हणून ते टेम्पररी, तात्पुरतं प्रोफाइल देतं. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जा, तुमच्या नावाचं फोल्डर सहसा तिथेच असतं. रिस्टार्ट करून बघा, एकदोनदा केल्यावर बऱ्याचदा जागेवर येतं. नाहीच आलं तर फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि नवीन अकाउंट काढा, पण त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका, साइन-आउट केलं की ते सगळं पुसलं जातं.