नीळ दिसेपर्यंत

(ओली माती. दोन हात. पाण्याचं घमेलं.)

मावशी शिल्पकार. कॅमेऱ्यासाठी त्यांची अट एकच होती. "हात घे हवे तेवढे. तोंड नको, आणि नाव तर मुळीच नको." त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला हातच दिसणार आहेत. वय ७३. उजव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, ते दगडाच्या दिवसांतलं.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे मागचं अंगण. याच फरशीवर त्यांचे वडील शाडूचे गणपती करायचे. शाडूची माती सुकताना तडकते, म्हणून तिच्यात कापूस पिंजून मळायचा. ते काम पोरांचं. सोंड बारीक, ती सगळ्यांत आधी सुकते, म्हणून तिच्यावर रात्री ओलं फडकं. रात्री उठून ते फडकं भिजवायचं, हेही पोरांचंच.

(फाइन आर्ट्सचं फाटक. झाडं.)

मग फाइन आर्ट्स. महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५० साली सुरू झाला. शिल्पकलेची घडी शंखो चौधुरींनी बसवली. मावशी तिथे पोचल्या तोवर चौधुरींच्या हाताखालची मुलं स्वतः मास्तर झाली होती.

आता हे नीट बघा. मातीवर प्लास्टरचा पहिला हात चाललाय. रंग निळसर का? त्यात कपड्यांची नीळ आहे. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर. थर घट्ट झाला की आतली माती उकरून काढायची, पोकळ साच्याला साबणाचा हात द्यायचा, पुन्हा प्लास्टर ओतायचं. आणि मग बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. पांढरं उडतंय तोवर बिनधास्त. निळं दिसलं की सावकाश. त्याच्या खाली मूर्तीचं नाक असतं.

(छिन्नी, जवळून. इथे निवेदन नाही. दहा घाव ऐकू द्या.)

दगडाला आधी वाजवून बघतात. खणखणला तर चांगला. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. अंबाजीचा संगमरवर, ध्रांगध्र्याचा वालुकाश्म, हातोडी पडली की दोन्हींचा आवाज मावशी पाठ फिरवून ओळखतात. आम्ही परीक्षा घेतली, त्या पाच वेळा बरोबर आल्या आणि वर आम्हालाच चहा करायला पाठवलं. दगडाची अठरा वर्षं. धूळ छातीत बसली, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, बंद केलं.

(छताच्या कडीला टांगलेली सुतळी.)

मग सुतळी. याच बडोद्यात चित्रकला शिकलेल्या, के. जी. सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी यांनी सुतळीच्या गाठींतून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली होती. मावशींनी ती पाहिली होती. पण गाठ त्यांची स्वतःची, आईच्या शिंक्यातली. दह्याचं मडकं पेलणारी गाठ काहीही पेलते, असं त्यांचं म्हणणं.

(मकरपुऱ्याच्या बाजूची भट्टी. धूर.)

आणि आता ब्राँझ. इथे भेटा ओतारीभाईंना. त्यांची तोंड दाखवायला हरकत नाही.

ही मेणाची बाई, पाटावर बसलेली. मेण जेमतेम पाच मिलिमीटर जाड, आत विटेची भुकटी आणि प्लास्टरचा गाभा. मेणातून आरपार ठोकलेले खिळे दिसतायत ना? उद्या मेण वितळून गेलं की हा गाभा त्या खिळ्यांवरच अधांतरी उभा राहणार. अंगावर चिकटवलेल्या या मेणाच्या काड्या म्हणजे उद्याच्या वाटा, एकीतून धातू शिरणार, बाकीच्यांतून हवा सुटणार. मग सगळ्यावर लिंपण, आणि साचा उलटा करून भट्टीत. मेण जातं, बाईच्या आकाराची पोकळी राहते.

तांबं, कथील, जस्त. सुमारे ११५० अंश. "बेन, पाछळ!" मावशी मागे सरकतात. ओतायला लागतं अर्धं मिनिट, आणि धार मध्ये तुटून चालत नाही, तुटली तर तिथे सांधा दिसतो.

(धार. पूर्ण घ्या, कापू नका.)

सयाजीबागेजवळचा काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा, शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड यांचा, हे सांगणारे गावात बरेच भेटतात. तो ओतला कुणी, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत? आम्हीही विचारलं नव्हतं, या भट्टीवर येईपर्यंत. मावशींनी मात्र पाटाच्या खालच्या अंगाला, मेण मऊ असतानाच, सुईने दोन अक्षरं कोरली आहेत. ती ओतारीभाईंच्या नावाची. स्वतःचं काही नाही.

(दुसरा दिवस. साचा फुटतो.)

काळपट, काड्यांसकट, खिळे बाहेर आलेली. मावशी वाकड्या नखाने तिला ठोकतात. पाठ. मांडी. खांदा. पुन्हा खांदा.

"भाई, इथे बद्द वाजतंय."

ओतारीभाई कान लावतात.

(निवेदन इथे संपतं. हात चालू राहू द्या.)