दहा मिनिटांची गार

(पडद्यावर अंधारून आलेलं आभाळ. आवाज फक्त वाऱ्याचा.)

निफाड तालुक्यातली द्राक्षबाग. मार्च महिना, दुपारचे चार. मण्यांत साखर उतरली आहे, तोडणी आठवड्यावर आली आहे. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा. मावळतीकडचं आभाळ आधी काळं झालं, मग हिरवट जांभळं. वारा अचानक पडला. कुत्री ओसरीत शिरली. आणि शेडच्या पत्र्यावर पहिली गार वाजली.

(गारांचा आवाज वाढत जातो. निवेदन थांबतं. मग शांतता.)

ही बांधावरून उचललेली गार. मधोमध चिरली, तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. एक दुधी, एक काचेसारखा. वर ढगात पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही गोठलेले नसतात. बर्फाचा कण सापडला की ते त्याला चिकटतात. झटकन गोठले तर आत हवा अडकते आणि थर दुधी होतो. सावकाश गोठले तर थर पारदर्शक होतो. खालून वर उसळणारी गरम हवा या गारेला तोलून धरते. त्या हवेला गारेचं वजन पेलेनासं झालं, की गार सुटते. लिंबाएवढी गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी ऐंशी ते शंभर किलोमीटर असतो.

मग भर पावसाळ्यात गारा का पडत नाहीत? त्या दिवसांत हवेत गोठणबिंदूची पातळी बरीच उंच असते, ढगातले झोतही एवढे जोरकस नसतात. जी काही गार बनते ती वाटेतच वितळते. फेब्रुवारी ते एप्रिलची गोष्ट वेगळी. जमीन तापलेली असते, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे आत येतात, आणि वरच्या थरात पश्चिमी झंझावाताची, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या वादळी प्रणालीची, थंड हवा पसरते. खाली गरम, वर थंड. ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. आणि नेमके हेच दिवस सुगीचे. गहू सोंगणीला आलेला, हरभरा शेतात, कांदा काढणीला, द्राक्षं वेलीवर, आंबा कैरीत. वर्षभराचा पैसा शिवारात उघडा पडलेला असतो.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हे घडत राहिलं. आज इथे, उद्या तिथे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र. एरवी गारपीट एका पट्ट्यात येते आणि निघून जाते. त्या वर्षी तिने मुक्कामच ठोकला. शिवारात पांढरा थर साचला, पाखरं मेली, जनावरं दगावली. त्या वर्षाचं नाव काढलं की मराठवाड्यातली म्हातारी माणसं आजही गप्प होतात.

बाकीचे ऋतूही सोडत नाहीत. वैशाखातल्या वळवात झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसावर वीज पडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी झोपवल्या. २०१९ चा परतीचा पाऊस सोयाबीनच्या गंजीवर कोसळला. आणि २६ नोव्हेंबर २०२३, त्रिपुरी पौर्णिमेच्या तोंडावर, नाशिक जिल्ह्यात गारा. तेव्हा बागांत मणी नुकते धरत होते.

(बागेत कॅमेरा एका घडाजवळ जातो.)

आता हा घड नीट बघा. लांबून धड दिसतो. जवळ गेल्यावर एका बाजूच्या सात-आठ मण्यांवर तपकिरी डाग, दोन मणी फुटलेले. पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायक येतात, तेव्हा नुकसान टक्क्यांत मोजतात. मदतीसाठी किमान तेहतीस टक्के नुकसानीची अट आहे. पण दोन दिवसांनी फुटलेल्या मण्यातून रस गळतो, बुरशी धरते, शेजारचे मणी कुजतात. व्यापारी तो घड हातातही घेत नाही. कागदावर वीस टक्के, बाजारात शंभर. हा हिशोब चुकीचा आहे, हे आम्हाला ठासून सांगायचं आहे. पंचनामा एकदा गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने व्हायला हवा.

इशारा मिळत नाही का? मिळतो. हवामान विभाग जिल्ह्याला दोन-तीन दिवस आधी पिवळा, नारिंगी इशारा देतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळ आलेली वीज सांगतं. ते फोनमध्ये ठेवाच, शेतात एकटं काम करणाऱ्याने तर नक्की. माणूस घरात येईल, गोठ्यात जनावर बांधता येईल. पण गार कोणत्या शिवारावर पडेल, हे दोन दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. आणि एकराची बाग काही उचलून आत नेता येत नाही. जाळी, प्लास्टिकचं आच्छादन हे उपाय आहेत, खर्चिक आहेत. ज्याच्या डोक्यावर आधीच गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज आहे, त्याला ते कसं परवडणार?

(एप्रिल. बागेत पालापाचोळा. कात्रीचा आवाज.)

एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतर जुन्या काड्या कापणं, सुरू आहे. बागेचे मालक काका वेलीच्या ओलांड्यावरून, तारेवर पसरलेल्या जाड फांदीवरून, बोट फिरवत पुढे सरकतात. जिथे गारांनी साल फुटलीय, तिथे थांबतात.

“हा बघा घाव. पुढच्या वर्षी इथून काडी बारीक येणार.”

सोबतचा मुलगा डबा पुढे करतो. काका ब्रश बुडवतात आणि त्या जखमेवर निळसर बोर्डो पेस्ट, मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावतात. मग पुढचा वेल.