भाव आधी कोणाला कळतो?

आधुनिक व्यवसायात माहिती प्रणालींचं स्थान, असा भलामोठा विषय संयोजकांनी मला दिला आहे. यावर तासभर गोल गोल बोलता येतं, आणि तशी भाषणं मी बरीच ऐकली आहेत. म्हणून आज एकच बाजार घेतो. मुंबईचा शेअरबाजार.

दलाल स्ट्रीटवरचं रिंगण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नसणार. दलालांची माणसं तिथे दाटीवाटीने उभी राहून ओरडून, हातवारे करून सौदे करायची. जॉबर दोन भाव सांगायचा, एक घ्यायचा, एक विकायचा. मधला फरक ही त्याची कमाई. आता समजा, सांगलीतल्या एका शिक्षकांनी फोनवर सांगून शेअर विकायला लावले. दिवसभरात भाव २०० ते २१० फिरला आणि त्यांच्या हाती पडला २०१. शेअर खरंच २०१ ला गेले की २०८ ला? कळायला मार्ग नव्हता. दिवसाचा वरचा आणि खालचा भाव छापून यायचा, पण कोणता सौदा किती वाजता झाला हे सांगलीत कोण सांगणार? दलाल प्रामाणिक असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर पुरावा नाही.

१९९२ मध्ये एनएसई, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या नव्या शेअरबाजाराची स्थापना झाली. मागे आयडीबीआयसारख्या वित्तसंस्था होत्या, दलाल नव्हते, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. डॉ. आर. एच. पाटील पहिले व्यवस्थापकीय संचालक. नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरचे सौदे सुरू झाले. टेलिफोनच्या तारांचा तेव्हा काही भरवसा नव्हता, म्हणून दलालांच्या कचेऱ्यांच्या गच्चीवर व्हीसॅटच्या तबकड्या बसवून उपग्रहामार्फत जोडणी केली.

एनएसईने बाजार संगणकावर नेला, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. रिंगण जसंच्या तसं संगणकात घालता आलं असतं. जॉबरने ओरडायच्या ऐवजी पडद्यावर दोन भाव टाकायचे, झालं! त्यांनी तसं केलं नाही. जॉबरची जागाच ठेवली नाही. ज्याचा भाव सरस त्याचा नंबर आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा. समोर कोण आहे ते दिसणार नाही. प्रत्येक सौद्यावर वेळेची नोंद. माझ्या मते खरी माहिती प्रणाली हा नियम आहे. यंत्र त्याची अंमलबजावणी करतं. १८७५ पासून चालत आलेल्या बीएसईला, म्हणजे दलाल स्ट्रीटवरच्या त्या जुन्या बाजाराला, मार्च १९९५ मध्ये स्वतःची ‘बोल्ट’ ही संगणक प्रणाली आणावी लागली, तरी साधारण वर्षभरातच एनएसई उलाढालीत पुढे निघून गेला.

मग एक वेगळीच अडचण उभी राहिली. सौदा काही सेकंदांत व्हायचा, पण शेअर मात्र कागदाचे. प्रमाणपत्राला हस्तांतरणाचा अर्ज जोडायचा, त्यावर सही, मुद्रांक, आणि ते पाकीट कंपनीकडे. सही जुळली नाही की पाकीट परत. याला बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. शिवाय टपालात गहाळ झालेले शेअर आणि बनावट शेअर होतेच. पुढचं टोक वेगवान झालं तसा मागे कागदांचा ढीग वाढत गेला. तुमच्याकडे काउंटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि गोदामात हाताने लिहिलेली वही असेल, तर हा ढीग तुम्ही ओळखाल.

त्यावर उपाय होता कागदच काढून टाकण्याचा. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी शेअरच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या एनएसडीएल या संस्थेचं काम सुरू झालं, आणि डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यातली नोंद, हा शब्द घराघरात गेला. म्हणूनच पुढे पैसे आणि शेअर हातात पडायची मुदत २००२ मध्ये तीन दिवसांवर, २००३ मध्ये दोन दिवसांवर आणि जानेवारी २०२३ मध्ये एका दिवसावर आणता आली.

इथे थांबलो तर तुम्ही खुशीत घरी जाल. पण ‘आधी कोणाला’ हा प्रश्न काही संपला नव्हता. २०१० च्या सुमारास एनएसईने दलालांना आपल्याच आवारात भाड्याने सर्व्हर ठेवू दिले. भावांची माहिती तेव्हा एकामागून एक अशी रांगेने पाठवली जायची. जो आधी जोडला गेला, त्याला ती निमिषभर आधी. सांगलीच्या शिक्षकांना त्याने फरक पडत नाही, पण यंत्राने सौदे करणाऱ्याला निमिष पुरतं. २०१४ मध्ये सगळ्यांना एकदम माहिती पाठवणारी मल्टिकास्ट पद्धत आली. जुन्या पद्धतीवरचा वाद मात्र सेबी ही बाजाराची नियामक संस्था आणि अपील लवाद यांच्यापुढे वर्षानुवर्षं चालला.

शेवटी २४ फेब्रुवारी २०२१. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसई बंद पडला. दूरसंचार जोडण्या डळमळल्या आणि सौद्यांची जोखीम तपासणारी यंत्रणा कोलमडली. बीएसई चालू होता. एनएसई आज पुन्हा उघडणार का, हे दुपारभर कोणी सांगेना. अनेक दलालांनी वाट पाहून ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाने मिटवून टाकले. आणि मग घोषणा झाली, की पावणेचारला बाजार पुन्हा सुरू होतो आहे आणि पाचपर्यंत चालेल.