उपकरणं कुणाशी बोलतात, ते मोजा

मित्रहो, घरातली इंटरनेटला जोडलेली उपकरणं कशी सांभाळायची ते पाहू, सुरुवात राउटरपासून. वाय-फाय राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर अनेकदा आठ आकडी पिन छापलेला असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं गणित पटकन मनात येतं. प्रत्यक्षात शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून काढलेला ताळा असतो, त्यामुळे शक्यता उरतात एक कोटी. त्याही खूप झाल्या. पण २०११ च्या अखेरीस स्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवून दिलं, की डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने उपकरण जोडण्याच्या, पद्धतीत राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि पहिले चार आकडे चुकले तर तिथेच नकार कळवतो. म्हणजे आधी चार आकड्यांच्या १०,००० शक्यता आणि मग उरलेल्या तीन आकड्यांच्या १,०००. गुणाकाराच्या जागी बेरीज आली आणि एक कोटीचे ११,००० झाले. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले, तरी साधारण सहा तासांत सगळ्या शक्यता संपतात.

प्रश्नाचे तुकडे पाडणं ही संगणकीय विचाराची पहिली पायरी. हल्ला करणारा ती सराईतपणे वापरतो, मग संरक्षण करणाऱ्यानेही ती वापरायला हवी. कुठल्याही कुलपाला दोन प्रश्न विचारा. उत्तर अर्धं बरोबर आलंय हे ते सांगून टाकतं का? आणि किती चुकांनंतर ते थांबवतं? लॉगिनच्या पानावर ‘या नावाचा वापरकर्ता नाही’ असा संदेश येत असेल, तर तीही तीच गळती आहे. राउटरपुरता उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएसचा पिन बंद करा. बटण दाबून जोडण्याची सोय वेगळी, ती साधारण दोन मिनिटंच खुली राहते.

मिराई हे २०१६ चं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) तर याहून साधं होतं. इंटरनेटवरचा कुठलाही एक पत्ता निवडायचा, टेलनेटचं (दुरून उपकरण चालवण्याच्या जुन्या सोयीचं) पोर्ट, म्हणजे दार, क्रमांक २३, अधूनमधून २३२३, उघडं आहे का पाहायचं, आणि असेल तर नाव-पासवर्डच्या साठेक ठरलेल्या जोड्यांमधल्या काही वापरून पाहायच्या. ‘ॲडमिन’ला ‘ॲडमिन’, ‘रूट’ला ‘१२३४५६’. ताब्यात आलेलं उपकरण पुढे हेच काम करू लागे. एवढ्यावर कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर अशी लाखो उपकरणं बळी पडली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या) सेवेवर अशा उपकरणांकडून इतका मारा झाला, की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना उघडेनाशा झाल्या.

मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असे. उपकरण बंद करून चालू केलं की ते पुसलं जाई. पण जुनाच पासवर्ड असलेलं उपकरण थोड्याच वेळात पुन्हा त्याच्या हाती लागे. म्हणून क्रम चुकवू नका: आधी राउटरची इंटरनेटची वायर काढा, मग उपकरण बंद-चालू करा, घरच्या जाळ्यातूनच पासवर्ड बदला, आणि वायर शेवटी लावा. यातही एक खाच आहे. काही उपकरणांत टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच) कोरलेला होता, वेबपानावर बदललेल्या पासवर्डचा त्याच्याशी संबंधच नव्हता. अशा उपकरणाचं फर्मवेअर सुधारून मिळत नसेल, तर त्याच्यापर्यंत बाहेरून कुणाला पोचता येणार नाही अशी व्यवस्था करणं एवढंच हाती राहतं.

आता डेटाकडे येतो. राउटरच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे राउटरने कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता दिला त्याची, यादी असते. ती स्प्रेडशीटमध्ये उतरवा: उपकरणाचं नाव, मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क भागाची ओळख), आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक), ते कोणत्या खोलीत आहे आणि पहिल्यांदा कधी दिसलं. मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अंकाक्षरांवरून सहसा उत्पादक कळतो. मात्र दुसरं अंकाक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बहुधा फोनने स्वतःच बनवलेला असतो, तिथे उत्पादक शोधू नका. ज्यांना आयपी पत्ता हाताने दिलेला आहे ती उपकरणं या यादीत कदाचित दिसणारच नाहीत. त्यांच्यासाठी एआरपीचा तक्ता, म्हणजे राउटरला दिसलेल्या आयपी आणि मॅक पत्त्यांच्या जोड्या, पाहावा लागतो.

यादी झाली की डीएनएसच्या नोंदी, म्हणजे कोणत्या उपकरणाने कोणतं नाव कधी विचारलं ते, निदान सात दिवस साठवा. पिव्होट तक्त्यात (स्प्रेडशीटमधल्या सारांशाच्या तक्त्यात) ओळींवर उपकरणं, स्तंभांवर दिवसाचे चोवीस तास आणि चौकटीत विचारणांची संख्या. नेहमीचं वागणं ठरवताना सरासरीऐवजी मध्यक (चढत्या क्रमातली मधली संख्या) घ्या, कारण अद्ययावतीकरणाचा एक दिवस सरासरी फुगवून टाकतो. वेळ स्थानिक आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हेही आधी तपासा, नाहीतर सकाळची वर्दळ मध्यरात्रीची वाटून विनाकारण घाबरायला होतं. आकडा एकाएकी चढला म्हणजे हल्लाच झाला, असंही धरू नका. इंटरनेट गेलेलं असताना अनेक उपकरणं तेच नाव पुन्हा पुन्हा विचारत राहतात. माझ्या मते संख्येपेक्षा नावीन्य अधिक बोलकं असतं. रोज चारच ठिकाणी जाणारा कॅमेरा पाचव्या ठिकाणी गेला, तर ती ओळ थांबून वाचण्यासारखी आहे.

या तक्त्याची मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. मिराई आयपी पत्ते स्वतःच बनवून थेट त्यांच्याकडे जात असे. तो शोध डीएनएसच्या नोंदीत उमटतच नाही. काही उपकरणं राउटरला वळसा घालून स्वतःचा डीएनएस वापरतात, त्यांच्याही विचारणा दिसत नाहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची वेगळी नोंद हवी. तिथे एखाद्या बल्बकडून पोर्ट २३ वर शेकडो अनोळखी पत्त्यांकडे जोडण्या निघताना दिसल्या, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

यानंतर वेगळं ठेवण्याची पायरी. कॅमेरे, बल्ब, टीव्ही अशी उपकरणं पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर टाका. राउटर चांगला असेल तर स्वतंत्र व्हीलॅन (त्याच राउटरवरचं वेगळं जाळं) करा आणि नियम असा लावा, की मुख्य जाळ्यातून उपकरणाकडे जोडणी सुरू करता येईल, उपकरणाकडून मुख्य जाळ्याकडे नाही. हे केल्यावर बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते: फोनला टीव्ही सापडत नाही. कारण शोधासाठी वापरला जाणारा एमडीएनएस, पोर्ट ५३५३, एका जाळ्यातून दुसऱ्यात जात नाही. त्यासाठी राउटरमध्ये एमडीएनएस पुढे पाठवण्याची सोय असते, ती चालू करा. वैतागून सगळं पुन्हा एकाच जाळ्यात आणू नका. यूपीएनपी ही राउटरमधली सोय बंद करा, कारण त्यातून उपकरणं न विचारता बाहेरचं पोर्ट उघडून घेतात. बंद केल्यावर पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या वाटांची, यादीही पाहा, हाताने घातलेले जुने नियम तिथे तसेच राहिलेले असतात.

खरेदीच्या वेळी सुरक्षा सुधारणा कधीपर्यंत मिळणार, ही तारीख विचारा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ती जाहीर करणं उत्पादकाला बंधनकारक आहे, आणि सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देण्यावरही तिथे बंदी आहे. ती तारीखही स्प्रेडशीटमध्ये एका स्तंभात लिहा आणि तारीख उलटलेल्या उपकरणाचं इंटरनेट तोडा. ते विकायचं किंवा टाकायचं असेल, तर आधी ॲपमधून ते आपल्या खात्यातून काढा, मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमाने केलंत तर उपकरण रिकामं होतं, पण क्लाउडवरच्या खात्यात त्याची नोंद आणि जुनी चित्रणं तशीच राहू शकतात.