महासागरी शर्यतीतला संसार

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

शून्य मैलाच्या दगडाच्या गावात महासागरी शर्यतीवर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा मला थोडे हसू आले. नागपूरहून कोणत्याही दिशेला निघालो तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मी स्वतः अशा शर्यतीत कधी उतरलेलो नाही. मला कुतूहल आहे ते शिडाच्या नौकेवरच्या संसाराचे, कारण माझ्या मते शर्यतीतला बराचसा वेळ वादळाशी झुंजण्यात नव्हे, तर घरकामात जातो.

‘द ओशन रेस’ ही शिडाच्या नौकांची, टप्प्याटप्प्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची सांघिक शर्यत. २०२२-२३ च्या शर्यतीतला तिसरा टप्पा केपटाउनहून ब्राझीलमधल्या इताजाईपर्यंत १२,७५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २३,६०० किलोमीटरचा होता. शर्यतीच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात इतका लांब टप्पा पूर्वी झाला नव्हता. साठ फुटी नौकेवर चार खलाशी आणि एक बातमीदार. बातमीदाराने नौका चालवण्यास मदत करायची नाही, असा नियम आहे. स्वयंपाक आणि साफसफाई मात्र त्याने केलेली चालते. नियम लिहिणाऱ्यांना घरकाम हे काम वाटत नसावे!

वजन वाढले की वेग घटतो, म्हणून गोड्या पाण्याचे पिंप कोणी भरून नेत नाही. समुद्राच्या पाण्यातले मीठ वेगळे काढणारे यंत्र रोज चालवावे लागते. अन्नही गोठवून कोरडे केलेले असते. पाकिटात उकळते पाणी ओतायचे, थोडा वेळ थांबायचे आणि डुलत्या नौकेत एका हाताने आधार धरून दुसऱ्या हाताने चमच्याने खायचे. आपल्या पंगतीतला आग्रह तिथे कोण करणार?

खरी पीडा ओलाव्याची. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या कपड्याचेही तेच होते. पाणी उडून गेले तरी धाग्यांत राहिलेले मीठ हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेते आणि गोड्या पाण्यात धुतल्याखेरीज तो कपडा खऱ्या अर्थाने वाळत नाही. धुण्याइतके पाणी नाही आणि कपड्यांचे जोडही मोजकेच. चैत्रातल्या उन्हात तासाभरात धोतर वाळवणाऱ्या आपल्या गावाला ही अडचण सांगून पटायची नाही. शौचाला बहुधा बादली असते. त्यावर अधिक बोलत नाही.

झोप पाळीपाळीने, एका वेळी काही तासांचीच. या नौकांच्या दोन्ही अंगांना पंखासारखी पाती असतात. वेग आला की ती नौकेला पाण्यावर उचलतात आणि ती पुन्हा आदळली की आतली प्रत्येक वस्तू हादरते. आवाज इतका की अनेक जण कानांवर आवरण चढवून वावरतात. झोपताना पाय नौकेच्या पुढच्या बाजूला करायचे, कारण नौका एकदम अडली तर डोके आपटण्याऐवजी धक्का पायांवर यावा.

त्याच महिन्यांत आपले अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. तिथे १९६८ च्या काळातलीच साधने चालतात, त्यामुळे उपग्रहाऐवजी सूर्य-ताऱ्यांवरून वाट काढायची. १९६८ च्या पहिल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत शेवटपर्यंत पोहोचलेले एकमेव स्पर्धक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्यांची ‘सुहैली’ नौका मुंबईत बांधलेली. ते ३१२ दिवसांनी परतले. टॉमी २०२३ च्या एप्रिलअखेर दुसरे आले. पाळी वाटून घ्यायला दोघांजवळही कोणी नव्हते.

चौघांत एक अंथरुणाला खिळले तर काय होते, हे ‘ओशन रेस’च्या त्या तिसऱ्या टप्प्यात ‘मलिझिया’ नौकेवर दिसले. टप्पा सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना डोलकाठीला वर तडा गेलेला आढळला. तिच्यावरच्या खलाशी रोझालिन काउपर आणि विल हॅरिस यांनी वर चढून भर समुद्रात तो सांधला. पुढे दक्षिण अमेरिकेचे दक्षिण टोक, केप हॉर्न, जवळ आले असताना लाटेच्या धक्क्याने काउपर झोपेतच बिछान्याबाहेर फेकल्या गेल्या आणि डोक्याला मार बसून त्यांना पडून राहावे लागले. त्यांच्या पाळ्या उरलेल्या तिघांनी वाटून घेतल्या, त्यांची शुश्रूषाही केली, यंत्रातून पाणी काढणे आणि पाकिटे भिजवणे चालूच राहिले. २ एप्रिलला ‘मलिझिया’ इताजाईला पोहोचली, ती सर्वांत पहिली.