तांबडी माती, काळी माती आणि सहा बाटल्या

[दृश्य : प्रदर्शनाची टेबलं, थर्माकोलच्या प्रतिकृती]

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी हमखास उसळतो. दिसतो झकास, पण पुढं काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, मग शोधायचं काय? विषय सुचत नसेल तर ‘काय बनवू या?’ असं विचारूच नये. ‘कोणती गोष्ट दोन ठिकाणी वेगळी वागते?’ असं विचारावं.

[दृश्य : खानापूरची शिवारं, मग सौंदत्तीकडची]

मलप्रभा नदी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत उगम पावते. खानापूरच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, आणि तीच नदी सौंदत्तीकडं पोचते तिथं काळी. पाऊस थांबल्यावर तांबड्या वाटेवरून चालता येतं. काळ्या रानात चप्पल रुतून बसते. मग जास्त पाणी कोणती माती धरते?

[दृश्य : कात्री, बाटल्या, वजनकाटा]

एक लिटरच्या सहा बाटल्या मोठ्या माणसानं मधोमध कापून द्याव्यात. वरचा भाग झाकण काढून, तोंडाला दुहेरी सुती कापड बांधून, खालच्या भागात उलटा बसवायचा. कापड आधी भिजवून पिळून घ्यावं, नाहीतर तेच पाणी पितं. प्रत्येक बाटलीत 200 ग्रॅम माती. तीन बाटल्या तांबड्या, तीन काळ्या. वरून 200 मिलिलिटर पाणी. खाली उतरलेलं पाणी 200 मधून वजा केलं की मातीनं धरलेलं पाणी कळतं.

फसगत होते ती काळ्या मातीत. ढेकळं तशीच भरली तर पाणी फटींतून आणि बाटलीच्या कडेनं सरळ खाली येतं आणि निकाल उलटा दिसतो. म्हणून माती दोन दिवस उन्हात वाळवावी, कुटावी, पिठाच्या चाळणीनं चाळावी. बाटली हलकेच आपटून माती बसवावी आणि पाणी चमच्यानं, थोडं थोडं घालावं.

दुसरी गफलत घाईची. अर्ध्या तासात काळ्या मातीतून थोडंच पाणी उतरतं, कारण ती सावकाश सोडते. ‘किती वेगानं’ आणि ‘किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी दर दहा मिनिटांनी नोंद. दुसऱ्यासाठी वर प्लास्टिक झाकून रात्रभर थांबायचं. एकाच मातीच्या तीन बाटल्यांत फार फरक पडला तर आकडा खोडू नये, त्या बाटलीत कडेनं फट पडलीय का ते बघावं.

[दृश्य : खानापूरची मडकी]

मडक्यातलं पाणी किती गार होतं, हाही चांगला विषय. फक्त पावसाळ्यात घेऊ नये. दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं आणि थर्मामीटर जेमतेम हलतो.

[दृश्य : तक्ता लिहिणारी मुलं]

तक्त्यावर मराठीखाली कन्नडही लिहावं; परीक्षक कोणत्या भाषेत विचारतील, सांगता येत नाही. आणि रात्रभर ठिबकलेला एक संच सोबत न्यावा, टेबलावर ताजा लावलेला दिवसभरात पुरा निथळत नाही.