हेल्मेट घातलं, पण कान उघडाच

नमस्कार मंडळी. मी हेलिकॉप्टर कधी उडवलं नाही. उडवणाऱ्यांची हेल्मेटं सांभाळायचं काम हवाई दलात बरीच वर्षं केलं. आणि बालपण गेलं सोलापूरच्या अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या खडखडाटात. म्हणून गोंगाट आणि कान या विषयावर बोलताना मला सारखे वडील आठवतात.

वडील मागावर चादरी विणायचे. पन्नाशीला आले तेव्हा आई म्हणायची, "यांना ऐकू येतं, पण समजत नाही." अगदी बरोबर बोलायची ती. गोंगाटानं कान जातो तो आधी बारीक, उंच आवाजांना जातो, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, च ही अक्षरं पुसट होतात. शेजारच्या काकांचा भारदस्त आवाज वडिलांना कळायचा, नातीचं बोलणं कळायचं नाही. आपल्या अंतःकर्णात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

चेतक हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावर पात्यांची धपधप, वर गिअरबॉक्स, मागे टर्बाइनची शिट्टी. अशा कॉकपिटमध्ये काय किंवा धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या, मागांच्या शेडमध्ये काय, आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. १०० ला उरतात फक्त १५ मिनिटं! आपल्याकडे आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे. मला ती सैल वाटते. गोंगाटानं येणारा बहिरेपणा आधी कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता, आता २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याची खबर देणं बंधनकारक आहे. इथे बसलेल्या किती जणांना हे माहीत होतं?

हेल्मेटच्या आत कानांवर दोन वाट्या येतात, त्यांच्या कडेला मऊ गादी. ही गादी कातडीला सगळीकडून टेकली तरच आवाज अडतो. घामानं, उन्हानं ती कडक होते, चिरते. मी रोज अंगठ्यानं दाबून बघायचो. एका वैमानिकाची तक्रार होती की रेडिओ नीट ऐकू येत नाही. रेडिओ ठणठणीत होता. त्यांच्या गॉगलची काडी जाड होती, गादीखाली फट पडत होती. फट पडली की बाहेरचा आवाज आत येतो, माणूस रेडिओ वाढवतो, आणि मग रेडिओच कान खातो. पातळ काडीचा गॉगल घेतला, तक्रार संपली.

काही नागरी वैमानिक नुसता हेडसेट लावतात. तो डोकं वाचवत नाही. जोरात आदळल्यावर डोकं चौकटीवर आपटून शुद्ध हरपली, तर बाकी शरीर धड असूनही माणूस पट्टा सोडून बाहेर पडू शकत नाही. माझ्या मते हेल्मेट हवंच.

आणि हेल्मेटखाली कानात फोमचं बोळंही हवं. दोन्हींचे आकडे बेरजेनं वाढत नाहीत, कारण काही आवाज कवटीच्या हाडातूनही जातो. पण ५ ते १० डेसिबलनं आणखी फरक पडतो, आणि तो मोठा आहे. "बोळं घातलं तर मशीनचा बदललेला आवाज कळणार नाही," असं वैमानिक म्हणायचे, तेच इथले जॉबरही, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, म्हणतात. ज्याचा कान चांगला आहे त्याला भर गोंगाटात बोळं घातल्यावर समोरचा उलट स्पष्ट कळतो, कारण कानावरचा भडिमार उतरतो. दोन दिवस सवय करावी लागते, एवढंच.

आता समोरच्या पाकिटातलं बोळं घ्या. बोटांत वळून उदबत्तीसारखं बारीक करा. उजव्या कानात घालायचं तर डावा हात डोक्यावरून आणा, कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा. बोट काढू नका, अर्धा मिनिट धरा. फोमला फुलायला वेळ लागतो. आता दुसरा कान. झालं? "हं" म्हणा. आवाज डोक्यात घुमला? ताई, तुमचं नाही घुमलं, काढून पुन्हा वळा. आणि जाताना दारापाशी डबा आहे, मागावर असणाऱ्या घरच्या माणसासाठी एक जोडी घेऊन जा.